पाच पट्ट्या

बास्केटबॉलचं वर्ष खेळाडू सामन्यांनी मोजतात, प्रेक्षक गुणांनी मोजतात. चषकवाले ते पट्ट्यांनी मोजायचे. त्या वर्षी डिसेंबर उजाडेपर्यंत दोनशे अकरा पट्ट्या झाल्या होत्या आणि त्यांच्या मते हे वर्ष आता एकदाचं संपलं तर बरं होतं.

चषकवाले हे काही त्यांचं नाव नव्हे. पण गल्लीत कुणी खऱ्या नावानं हाक मारली असती, तर त्यांनी मागे वळूनही पाहिलं नसतं. खाली दुकान, वर घर, मध्ये लाकडी जिना. खेळाच्या जागतिक महासंघाचे सगळे चषक या दुकानातून जायचे. चषक ओतून यायचे दुसरीकडून. इथलं काम पायथ्यावरच्या पितळी पट्टीचं. कोण जिंकलं आणि कुठल्या वर्षी, ते छिन्नीनं कोरायचं. कोपऱ्यात कोरण्याचं यंत्रही होतं, पण त्याच्यावर चषकवाल्यांचा पानाचा डबा आणि चष्म्याचं घर ठेवलेलं असे, यावरून काय ते समजावं.

जानेवारीत क्लबांचा करंडक झाला की वसंतात एकेका देशाच्या लीगा संपायला लागत आणि पट्ट्यांचा पूर येई. मग सोळा वर्षांखालची मुलं, अठरा वर्षांखालच्या मुली, व्हीलचेअरवरच्या खेळाडूंची जगज्जेती स्पर्धा, लष्करी संघांची, तीन-तीन जणांच्या संघांची. ज्या शहरांची नावं चषकवाल्यांना नकाशात दाखवता आली नसती, त्यांची अक्षरं त्यांच्या बोटांना पाठ होती.

या धंद्याची एक रीत होती. अंतिम सामन्याची शिट्टी वाजली की दोन तासांत पट्टी विमानतळावर पोचली पाहिजे, कारण दुसऱ्या दिवशीच्या मेजवानीत ती चषकावर बसलेली हवी. दोन तासांत हातानं पट्टी होत नाही. म्हणून दोन्ही संघांच्या पट्ट्या आधीच कोरून ठेवायच्या. जिंकलेली पट्टी गाडीत, हरलेली कातरीत. पत्रा कापायची ती मोठी कातर दाराशीच बसवलेली होती. दांडा ओढला की पितळेचे दोन तुकडे आणि घरभर आवाज.

कापायचीच का, तर वडिलांच्या काळात एकदा हरलेली पट्टी नुसती रद्दीत टाकली होती. ती त्या संघाच्या व्यवस्थापकाच्या हाती लागली. त्या पठ्ठ्यानं ती कुठल्याशा दुसऱ्या चषकावर ठोकली आणि गावात मिरवणूक काढली. वर्षभर जगात दोन विजेते होते. तेव्हापासून चषकवाल्यांच्या घराण्यानं कानाला खडा लावला. हरलेली पट्टी त्याच दिवशी कापली जाईल, मग ती कुणाची का असेना.

या ‘कुणाची का असेना’ची परीक्षा उन्हाळ्यात झाली. महिलांच्या खंडीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांची स्वतःची मुलगी खेळत होती. संघात सगळे तिला शिडी म्हणत, कारण टोपलीखाली उभी राहून ती नुसता हात वर करायची आणि चेंडू तिच्याकडे आपण होऊन यायचा. वय चौतीस. तिसऱ्या सत्रात तिचा उजवा गुडघा फिरला, तिला उचलून बाहेर नेलं आणि संघ सहा गुणांनी हरला. चषकवाल्यांनी हे दुकानातल्या टीव्हीवर पाहिलं, डोळे पुसले, उठले आणि मुलीच्या संघाची पट्टी कातरीत घालून दांडा ओढला. ही गोष्ट महासंघात इतकी गाजली की अनोळखी लोक फोन करून विचारायचे, खरंच का हो.

शिडी तेव्हापासून घरी होती. गुडघ्यावर दुसरी शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं की रोजच्या चालण्याला हा गुडघा जन्मभर पुरेल. खेळात पुन्हा फिरला, तर काठी घ्यावी लागेल. शिडीनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून खुर्चीवर बसल्या बसल्या चेंडू आपटायला सुरुवात केली. जिना उतरताना कुणी हात पुढे केला तर ती अशी बघायची की हात आपोआप मागे जायचा.

आणि नोव्हेंबरअखेर दोन कागद आले. पहिला क्लबचा: अजून एक वर्ष खेळणार असाल तर सही करून डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कळवा. दुसरा महासंघाचा: वर्षातल्या सर्वोत्तम महिला खेळाडूच्या पुरस्कारासाठी पाच नावं निवडली आहेत, त्यात तुमचं आहे, समारंभ त्याच शुक्रवारी संध्याकाळी.

जेवताना शिडीनं जाहीर केलं, “पुरस्कार मिळाला तर थांबते. मानानं थांबता येईल. नाही मिळाला तर अजून एक वर्ष खेळते. हरून, लंगडत घरी बसणार नाही मी.”

“आणि गुडघा?” आईनं विचारलं.

“गुडघा माझा आहे ना?”

अडचण अशी की सही दुपारी बाराला आणि निकाल संध्याकाळी. शिडीनं क्लबला एक दिवस मागून पाहिला, त्यांनी दिला नाही. कागद जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीखाली पडून राहिला आणि मीठ घेताना प्रत्येकाची नजर त्याच्यावर जायची.

त्या आठवड्यात मंगळवारी सकाळी महासंघाचे चिटणीस स्वतः दुकानात आले. पुरस्काराचा चषक आणि लाखेनं बंद केलेलं पाकीट गल्ल्यावर ठेवून त्यांनी चषकवाल्यांची सही घेतली.

“मतं मोजणारे तिघं, चौथा मी, पाचवे तुम्ही,” चिटणीस म्हणाले. “सहाव्याला कळता कामा नये. तुमच्याच घरातलं नाव यादीत आहे, काम दुसरीकडे द्या, असं दोघंजण म्हणत होते. मी म्हटलं, अहो, त्या माणसानं पोरीच्या संघाची पट्टी कापलीय.”

“मग?”

“मग गप्प बसले. गुरुवारी पाचला गाडी येईल.”

चिटणीस गेल्यावर चषकवाल्यांनी दार लोटून घेतलं आणि पाकीट फोडलं.

नाव शिडीचं नव्हतं. जगाच्या दुसऱ्या टोकाच्या एका बावीस वर्षांच्या मुलीचं होतं. चषकवाल्यांना रडू आलं नाही, राग आला. तीन माणसं कुठंतरी गुबगुबीत खुर्च्यांवर बसून कागदाच्या घड्या उलगडतात आणि इथं माझ्या मुलीचा गुडघा जातो. त्यांनी पाकीट दोनदा वाचलं, उलटं करून झटकलंसुद्धा, जणू आत आणखी एक नाव चिकटून राहिलं असावं. मग राग ओसरला आणि वाईट गोष्ट उरली ती ही की त्या मुलीचे सामने त्यांनी पाहिले होते. निकाल बरोबर होता.

डोक्यावर धप, धप, धप. वर शिडी चेंडू आपटत होती. तिची खुर्ची बरोबर त्यांच्या कामाच्या बाकाच्या डोक्यावर होती आणि हीच खरी पंचाईत.

कारण शिडीचे कान. लहानपणी ती वर अभ्यासाला बसायची आणि खालची टकटक ऐकून ओरडायची, “बाबा, आता सरळ रेघ. आता वळण. आता चुकलात.” शेवटचं ती नेहमी अचूक सांगायची. शाळेतल्या पहिल्या पदकावर त्यांनी तिचं नाव कोरलं, तेव्हा ती बाकाला टेकून उभी होती. तो ठेका तिला पाठ होता. एकच पट्टी कोरायला घेतली की दहाव्या ठोक्याला तिला कळणार होतं की हे नाव आपलं नव्हे. कळलं की ती मिठाची बरणी बाजूला सारून सही करणार.

चषकवाल्यांच्या मनात एक वाईट विचार येऊन गेला. आज वर जाऊन नुसतं हसायचं. तोंडातून ब्र काढायचा नाही, फक्त हसायचं. ती सही करणार नाही, गुडघा वाचेल. शुक्रवारी संध्याकाळी व्यासपीठावरून दुसरं नाव पुकारलं जाईल आणि बापाचं ते हसू तिला आठवेल. त्यापुढचा विचार त्यांना करवला नाही.

त्यांनी नेहमीची रीतच वापरायची ठरवली, फक्त मोठी करून. अंतिम सामन्याला दोन संघ, दोन पट्ट्या. इथं पाच नावं, म्हणून पाच पट्ट्या. पाचही कोरायच्या, एक पाठवायची, चार कापायच्या. मग वर बसून ऐकणाऱ्यानं कितीही कान टवकारले तरी काय कळणार? स्वतःच्या हुशारीवर ते जरा खूशही झाले आणि पितळ कापायला बसले.

पण चैन कशाची पडतेय. मंगळवारी दुपारी ते तीनदा उठून दारापर्यंत गेले आणि तीनदा परत बसले. पाणी प्यायला घेतलं आणि पेला कुठं ठेवला ते विसरले. वरचा चेंडू थांबला की ते थांबायचे, ते थांबले की वरचा चेंडू थांबायचा. दोघं एकमेकांना ऐकत होते आणि दोघांनाही ते माहीत होतं.

बायकोनं वेगळी वाट काढली. “अहो, मला काही सांगू नका,” ती पायरीवर बसून म्हणाली. “एवढंच सांगा, शुक्रवारी कपडे कुठले काढू? फोटोतले की साधे?”

“तुला हवे ते काढ.”

“म्हणजे साधे?”

“मी असं म्हटलं का?”

“म्हणजे फोटोतले?”

“अगं बाई, तू वर जा.”

“जाते. पण तुमचं तोंड आरशात बघा एकदा. पितळ पोटात गेल्यासारखं दिसतंय.”

त्यानंतर ते जेवायला वर गेले की ताटाकडे बघून जेवू लागले. हसावं तर पंचाईत, तोंड पाडावं तर त्याहून. बायको बुधवारी सकाळी कपड्यांचं विचारायची, दुपारी विचारायची आणि संध्याकाळी दोन्ही जोड खुर्चीच्या पाठीवर टाकून नुसती बघत उभी राहायची.

बुधवारी जेवताना शिडी म्हणाली, “बाबा, हात दाखवा.”

त्यांनी दाखवला. छिन्नी धरण्याच्या अंगठ्याला फोड आली होती.

“एका नावानं फोड येत नाही,” ती म्हणाली. “काल दुपारी माझं नाव ऐकलं मी. सगळं ऐकलं, पहिल्या ठोक्यापासून.  आईला हाक मारणार होते. मग आज सकाळी दुसऱ्याच कुणाचं तरी ऐकलं आणि आता तिसऱ्याचं. पाचही कोरताय ना?”

“पाचही.”

“हुशार आहात.”

“बाप कुणाचा आहे.”

ती हसली, पण तिचा चांगला पाय टेबलाखाली हलतच होता आणि त्याबरोबर मिठाची बरणी किणकिणत होती. चषकवाल्यांनी आमटी तशीच ठेवून हात धुतले.

पाचव्या पट्टीवर शेवटचा ठोका गुरुवारी दुपारी तीनला पडला. त्यांनी पाचही ओळीनं मांडल्या आणि चष्मा पुसून बघितलं. बावीस वर्षांच्या मुलीची पट्टी सुरेख झाली होती. नाव लांबलचक, पण कुठं दाटी नाही. तिथं त्यांनी अंगचोरपणा केला नव्हता, याचं त्यांना बरं वाटलं. मधल्या तीन नीट होत्या. आणि शिडीची. तिच्या पट्टीबद्दल सांगायचं तर चाळीस वर्षांत असं काम त्यांच्या हातून झालं नव्हतं. अक्षरांना हात लावला तर कडा बोटाला जाणवत नव्हती. दोनशे अकरा पट्ट्यांचा हात तिच्यात उतरला होता आणि ती कुठंही जाणार नव्हती.

चारला त्यांनी विजेतीची पट्टी पायथ्यावर बसवली, चार स्क्रू पिळले, चषक मखमलीत गुंडाळून पेटीत ठेवला आणि पेटीला कुलूप लावलं. मग उरलेल्या चार पट्ट्या घेऊन कातरीशी गेले.

पहिली घातली, दांडा ओढला. घरभर आवाज झाला. दुसरी. तिसरी.

चौथी घातली. दांड्यावर हात ठेवला. उन्हाळ्यात संघाची पट्टी कापताना बारा जणींचं मिळून एक नाव होतं; इथं एकटीचं होतं, आणि ते त्यांनी स्वतःच ठेवलेलं होतं, चौतीस वर्षांपूर्वी, ती हातभर असताना. त्यांनी दांड्यावर जोर देऊन बघितला. हात खाली जाईना. दुखत नव्हता, थरथरत नव्हता, फक्त जात नव्हता. शेवटी त्यांनी पट्टी बाहेर काढली, चामड्याच्या तुकड्यात गुंडाळली आणि छिन्न्यांच्या खणात सगळ्यात मागे सारली. राहू दे, कुणाला दिसतेय. खण लावून ते स्टुलावर बसले.

पाचला गाडी आली आणि पेटी घेऊन गेली. चषकवाल्यांनी हुश्श केलं. तोंडाला लावलेलं कुलूप शेवटपर्यंत टिकलं होतं. मग त्यांच्या लक्षात आलं की वरचा चेंडू केव्हाचा थांबलाय.

जिना वाजला. एक पायरी, थांबा, एक पायरी, थांबा. तीन दिवसांत शिडी पहिल्यांदा खाली येत होती. ते उठले नाहीत. उठून उपयोग नव्हता. ती दारातून सवयीनं मान लववून आत आली, बाकाला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “कुठंय?”

“काय?”

“माझी पट्टी.”

“गाडी गेली. जे होतं ते पेटीत गेलं, बाकीचं कापलं.”

“बाबा, मी मोजलं,” शिडी म्हणाली. “पाच कोरल्यात. एक गेली. चार आवाज यायला हवे होते, तीनच आले. मी जिंकले असते तर तुम्ही बाकीच्या चारही कापल्या असत्या, डोळ्यांची पापणी न हलवता. एक उरली म्हणजे ती तुमच्याकडून कापली गेली नाही. आणि जगात तुमच्याकडून कापली जाणार नाही असं एकच नाव आहे.”

 एवढा कारभार करून, पाच-पाच पट्ट्या कोरून चषकवाल्यांनी आपल्या हातांनीच सगळं सांगून टाकलं होतं. चार कापल्या असत्या तर तिला काही म्हणता काही कळलं नसतं.

“रद्दी पत्र्याचा एखादा तुकडा तरी घालायचात कातरीत,” ती म्हणाली. “मी फसले असते.”

“सुचलं नाही मला.”

“कळलं ते.”

त्यांनी खणातून चामडं काढलं, उलगडलं आणि पट्टी तिच्या हातात दिली. ती उजेडाकडे गेली. बराच वेळ तिनं नाव वाचलं, आपलंच असून. अंगठा अक्षरांवरून फिरवला.

“किती छान केलीय,” ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. “मला हवा होता हो हा पुरस्कार. फार हवा होता.”

“माहीतेय गं.”

“तिलाच मिळाला का? त्या लहान पोरीला?”

त्यांनी छिन्न्यांचा खण लावून घेतला. नाक पुसून ती स्टुलावर बसली आणि दुखरा पाय लांब केला.

“सही करणार?” त्यांनी विचारलं. तीन दिवस विचारायचा राहिलेला प्रश्न होता.

“तुम्ही ही कापा, मग सांगते.”

“हिला राहू दे. मी कुणाला दाखवणार नाही. खणात मागे पडून राहील. एवढी एकच राहू दे.”

“मग मलाही एकच वर्ष राहू द्या,” शिडी म्हणाली. “तेवढंच मागतेय मी पण. कुणाचं काय जातंय?”

 चषकवाल्यांनी रिकाम्या चामड्याची घडी घातली.

“उन्हाळ्यात आमची पट्टी कापलीत ना,” ती हळू आवाजात म्हणाली, “तेव्हा मुली म्हणाल्या, काय दगड आहे तुझा बाप. मला राग नाही आला. मी हॉस्पिटलात पडल्या पडल्या म्हटलं, बाबांना कळतं, संपलं की संपलं. मला ते जमत नाही, पण घरात एकाला तरी जमतं. आज दुपारी तिसरा आवाज झाला आणि मी चौथ्याची वाट बघत बसले. तुम्हालाही जमत नाही म्हटल्यावर मी कुणाकडे बघून थांबू?”

चषकवाले उठले. पट्टी तिच्या हातातून घ्यायला त्यांना दोनदा हात पुढे करावा लागला, कारण पहिल्यांदा तिनं ती सोडली नाही. त्यांनी ती कातरीत घातली, नावाच्या बरोबर मध्यावर, जशी घालायची असते तशी. त्यांनी डोळे मिटले नाहीत. दांडा ओढला.

“चार,” शिडी म्हणाली.

तिनं वाकून दोन्ही तुकडे उचलले आणि दाराजवळच्या रद्दीच्या डब्यात, बाकीच्या सहा तुकड्यांवर टाकले. 

“चला,” ती म्हणाली. “क्लबला फोन करते. नाही म्हणून सांगते. उद्या टाळ्या वाजवायच्यात, त्या पोरीसाठी. नीट वाजवायच्या, दोघांनी.”

जिन्याच्या पहिल्या पायरीशी तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. चषकवाल्यांना वाटलं, नुसता ठेवलाय. पण दुसऱ्या पायरीला तिनं सगळा भार टाकला, सहा फूट दोन इंचांचा, आणि त्यांना कठडा घट्ट धरावा लागला. तिसरी पायरी. चौथी. दोघंही धापा टाकत होते.

वर बायको दोन्ही कपडे हातात घेऊन उभी होती. तीन दिवस एकच प्रश्न विचारणारी ती बाई; तिनं लेकीचा हात नवऱ्याच्या खांद्यावर पाहिला आणि काही न विचारता बाजूला झाली.